कोरा पत्रा

७ मार्च

आजही लमयाय बोलली नाही. तिच्या आईने, सीनुआनने, सकाळी पेज भरवली, तिने गिळली. कूस बदलून दिली तेव्हा कण्हली. म्हणजे आवाज आहे. मग शब्द का नाहीत, हे जिल्ह्याच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कमरेचं हाड जुळेल, पाठीला वेळ लागेल, डोक्याच्या फोटोत काही दिसत नाही, असं ते म्हणतात. "तिच्याशी बोलत राहा."

बोलत राहतो. बोलणं हेच माझं काम. गावच्या भोंग्यावर रोज पहाटे निवेदन मी वाचतो. खताची गाडी, लहान मुलांची लस, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात सापडली, सगळं आधी या वहीत लिहितो आणि मग वाचतो. अख्खं गाव माझ्या आवाजावर उठतं. माझी पोर तेवढी उठत नाही.

संध्याकाळी गावची दोरे बांधणारी चान्पेंग आजी आली. तिने लमयायच्या मनगटाला दोरा बांधला, डोळ्यांत पाहिलं आणि सीनुआनला बाहेर बोलावलं. मीही मागोमाग गेलो.

"हिचा खवन अंगात नाही," आजी म्हणाली. "माणूस दचकून पडलं की आतला हा जीव निसटतो आणि पडल्या जागी बसून राहतो. घरची वाट त्याला कुठली ठाऊक? आईने जायचं आणि जाळीत धरून आणायचा."

मी म्हणालो, "आजी, पोर बँकॉकला पडली. मोटारसायकलने उडवलं तिला."

"मग? तो काय बसचं तिकीट काढून येणार आहे?"

मला यातलं किती पटतं, कुणास ठाऊक. शाळेत असताना मी विज्ञानात पहिला यायचो. पण विज्ञानवाल्यांनी बोलत राहा म्हणून सांगितलं आणि ते निघून गेले.

जाताना आजी सीनुआनला म्हणाली, "जागा नेमकी हवी. चार हात इकडेतिकडे झाली तर जाळीत नुसता वारा येईल."

९ मार्च

पानिदाला फोन केला. बँकॉकमधल्या प्रतुनामच्या शिवणखोलीत ही आणि लमयाय शेजारच्या मशिनींवर बसायच्या, एकाच खोलीत राहायच्या. इस्पितळात सगळं तिनेच पाहिलं. आम्हाला तर कळलं तेव्हा लमयाय गाडीत निजून घराच्या वाटेला लागली होती. "तिनेच सांगितलं होतं, घरी कळवू नको म्हणून," एवढंच पानिदा म्हणाली. तेवढं सांगितल्यावर लमयायचं बोलणं बंद झालं, म्हणे.

आम्ही येतोय असं मी तिला सांगितलं.

"काका, एवढ्या लांब कशाला? मावशींना बस सोसत नाही."

"जागा दाखवायला तूच हवीस. कुठे पडली ते तुलाच ठाऊक."

"हो," ती म्हणाली. "दाखवीन."

भली मुलगी आहे. थोडी घाबरट.

सीनुआनने माशांची जाळी धुऊन वाळवली. लांब दांड्याची, आम्ही भाताच्या खाचरात बारके मासे आणि बेडूक उपसतो तीच. आत ठेवायला केळं, उकडलेलं अंडं, चिकट भाताचा मुटका आणि लमयायचा वापरलेला सदरा. तिने ती जाळी लमयायला दाखवली आणि सांगितलं, "तुझा खवन आणायला चाललोय, बाळा. तू पडलीस तिथून."

लमयायने तोंड भिंतीकडे फिरवलं. स्वतःहून, कोणी हात न लावता. मला फार आनंद झाला. सीनुआनला तो झालेला दिसला नाही.

११ मार्च, बँकॉक

आयुष्यात पहिल्यांदा बँकॉक पाहिलं. आम्हा दोघांनीही. सीनुआनची बहीण लमयायजवळ राहिली आहे. भोंग्यावर सरपंचांचा पुतण्या वाचणार. तो फार भरभर वाचतो.

बसमध्ये जाळी आडवी मावेना. सीनुआन ती उभी धरून बसली, भाल्यासारखी. वाहक म्हणाला, "मावशी, ती वर टाका की." ती म्हणाली, "वर काय टाकायचं ते तू टाक. ही माझ्या हातात राहील." तो पुन्हा आमच्या बाजूला फिरकला नाही.

शहराबद्दल काय लिहू. लमयाय सांगायची ते खरंच आहे. रस्त्यावर रस्ता, त्याच्यावर रेल्वे. सकाळीच लोक कोळशावर डुक्कर भाजून विकतात आणि माणसं चालता चालता खातात. गुलाबी टॅक्सी, हिरव्या टॅक्सी. कालव्यातून होडी अशी सुसाट येते की काठावरच्या माणसांनी बाजूला व्हावं. होडीवरची बाई लोखंडी कठड्यावरून माकडासारखी फिरत तिकिटं देते. मी हसलो. सीनुआनला कोपराने खुणावलं, "बघ तरी." तिने पाहिलं आणि म्हणाली, "या कालव्यात कोणी पडलं तर?"

मी म्हणालो, "लमयाय कालव्यात नाही पडली."

"मला माहीत आहे ती कशात नाही पडली."

तिचं डोकं दुखत असावं. बसमध्ये तिला अजिबात झोप लागली नाही.

पानिदाची खोली एका तांबड्या इमारतीत आहे, कालव्याजवळच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर. खोली स्वच्छ, पण धुतलेले कपडे आतच वाळत घातलेले. दोऱ्यांखालून वाकूनच फिरावं लागतं. मी विचारलं, गच्ची नाही का इमारतीला? एवढं ऊन वाया चाललंय.

"आहे," पानिदा म्हणाली. "मालकाने कुलूप घातलंय. जानेवारीपासून."

"का?"

"असंच. तो तसाच आहे."

शहरातले मालक. गावात कोणी उन्हाला कुलूप घातलं असतं तर मी भोंग्यावरून त्याचं नाव वाचलं असतं.

खोलीच्या मागच्या खिडकीतून खाली बोळ दिसतो. तळमजल्यावर नूडल्सवालीचं दुकान, त्यावर पत्र्याचं लांब छप्पर. सगळे पत्रे गंजून तांबडे झालेले, मधे एकच कोरा, चकचकीत. मी सीनुआनला दाखवलं. शहरात कामं अशी अर्धवट होतात. बदलायचे तर सगळे बदला, नाहीतर राहू द्या. छपराखाली, भिंतीच्या कडेला, कोणीतरी झेंडूची माळ आणि लाल सरबताची बाटली ठेवली होती. बाटलीत नळीसुद्धा होती. भुताखेतांची इकडेही सोय असते तर.

सीनुआन खिडकीशीच उभी राहिली. जेवायला हाक मारली तरी हलेना.

जेवताना पानिदाने विचारलं, "काका, नव्या वर्षाच्या आसपास लमयायने तुम्हाला फोन केला होता ना? शिवणखोलीत शिफ्ट बदलली त्याच सुमारास. देखरेख करणारा एक माणूस नवीन आला होता तेव्हा."

"केला होता की." मला आठवलं आणि हसू आलं. लमयायचा स्वभाव माझ्यावर गेलाय, थट्टेखोर. मी पानिदाला सगळं सांगितलं. लमयाय म्हणाली होती, बा, मी कायमची परत येऊ का? मी म्हणालो, येऊन करशील काय? इथे तर म्हशीसुद्धा कंटाळल्यात. ती हसली. मी म्हणालो, आधी म्हशींना विचारतो, त्या हो म्हणाल्या तर ये. तेव्हा ती आणखी हसली. फोन ठेवेपर्यंत हसत होती.

पानिदाने ताटं उचलली. अजून माझा भात संपायचा होता. नळ सोडून ती बराच वेळ ताटं घासत राहिली.

सीनुआन माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "काय?"

ती म्हणाली, "तुम्ही मला हे सांगितलं नव्हतं."

"थट्टा होती ती. काय सांगायचं त्यात?"

१२ मार्च, सकाळ

काम झालं. निदान मला तरी वाटतं की झालं.

पानिदा आम्हाला गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या चौकात घेऊन गेली. पादचारी पट्ट्यांच्या अलीकडे, विजेच्या खांबाजवळ, तिने बोट दाखवलं. "इथे."

"नक्की?" सीनुआनने विचारलं.

"हो मावशी."

"डोकं कुठल्या बाजूला होतं?"

पानिदा खांबाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला नीट आठवत नाही. गर्दी झाली होती."

तिथेच भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांचा अड्डा आहे. नारिंगी जाकिटं घालून चौघे-पाचजण बाकावर बसले होते. त्यांतला एक आमच्याकडचा निघाला, रोयएतचा. जाळी पाहून ओरडला, "मामा, मासे धरायला आलात काय? या रस्त्यावर चपला सापडतील, मासे नाही!"

बाकीचे हसले. मीही हसलो. परमुलखात आपली बोली ऐकली की बरं वाटतं.

"तुझ्या तोंडातही जाळी घालू का?" सीनुआन म्हणाली. "काय काय निघेल ते बघू."

"नको मामी, काल रात्रीचं निघेल," तो म्हणाला आणि बाक पुन्हा हसला.

मग मी त्याला सांगितलं. आमची मुलगी, जानेवारीत, याच जागी, मोटारसायकल. त्याचं हसू गेलं. म्हणाला, "इथे? जानेवारीत? मामा, मी रोज इथेच असतो. इथे कोणी..." एवढ्यात पानिदा मधे आली आणि त्याच्याशी बँकॉकच्या बोलीत भरभर काहीतरी बोलली. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग जाकिटाची चेन वर-खाली करत राहिला. "हां," तो म्हणाला. "असेल. त्या दिवशी मी नसेन."

याचा अर्थ ही माणसं रोज येतात म्हणतात, पण येत नाहीत.

सीनुआनने जाळी हातात घेतली. हाक मारायचं काम माझं. मी भोंग्याचा आवाज लावला. "ये रे खवना! लमयायच्या खवना, चल घरी! चिकट भात आहे, अंडं आहे, आई आलीये, बा आलाय! रस्त्यात बसू नको, गाड्यांना भिऊ नको, चल घरी!"

गावात माझा आवाज शेतांपलीकडे जातो. इथे समोरच्या पदपथापर्यंतसुद्धा गेला नसेल. दोन शाळकरी मुली मोबाइलवर आमचा व्हिडिओ घेत होत्या. घेऊ देत. सीनुआनने तीनदा जाळी फिरवली, डावीकडून उजवीकडे, पाण्यातून उपसतात तशी. पण खाचरात तिचा हात कसा चालतो ते मला माहीत आहे. इथे तो तसा चालला नाही. रिकाम्या भांड्यातून पळी फिरवावी तसा फिरला.

सदऱ्याने जाळीचं तोंड झाकून तिने गाठ मारली. आता घरी पोचेपर्यंत ती तिच्या हातातून सुटता कामा नये.

मी रोयएतवाल्याचा निरोप घेऊन पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा सीनुआन त्याच्या शेजारी बाकावर बसली होती, जाळी मांडीत. तो खाली मान घालून बोलत होता. बसस्टँडला कुठल्या वाटेने जायचं ते ही विचारत असेल. मला पाहून तो उठला आणि मला वाकून हात जोडले. मघाशी थट्टा करणारा माणूस. खरं तर मीच त्याला वडीलकीने काही बोलायला हवं होतं.

१२ मार्च, दुपार, बसस्टँड

बस यायची आहे, म्हणून लिहितो.

रोयएतवाला बसस्टँडपर्यंत वाट दाखवायला आला होता. निघायच्या वेळी सीनुआन म्हणाली, "लमयायच्या चपला पानिदाच्या खोलीवर राहिल्यात. घेऊन येते."

मी म्हणालो, मी आणतो, तू बस. तर म्हणाली, "तुम्ही पिशव्या सांभाळा." आणि जाळी घेऊनच गेली. खाली ठेवायची नाही ना. त्या रोयएतवाल्याच्या मागे बसली, एका हातात जाळी, एका हाताने त्याचं जाकीट घट्ट धरलेलं. घरी सायकलवरसुद्धा मागे बसायला ती भिते.

फार उशीर लावला. एक बस गेली. मी चिडलो होतो. शेवटी ती आली. तिच्या लुगड्याला गुडघ्यांवर चिखलाचे डाग. हातांना तांबडं काहीतरी लागलेलं. सदऱ्याची गाठ वेगळी होती. सकाळी मारलेली एकेरी, आता दुहेरी.

"पडलीस की काय?"

"नाही."

"चपला?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू चपला हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होती. "नाही सापडल्या."

चिंचेचं पाणी आणलं, तेही घेतलं नाही. मी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, "नूडल्सवाली भली बाई आहे. ती माळ तिचीच. रोज ठेवते." मला कळेना, चपला शोधताना नूडल्सवाली कुठून आली.

१३ मार्च, घरी

प्रवासात मला झोप लागत होती आणि मोडत होती. जाग आली की सीनुआनचा आवाज ऐकू यायचा. प्रत्येक पुलावर ती सदऱ्यावर हात ठेवून सांगत होती, "पूल आलाय बाळा, सोबत ये." खवनाला पाणी ओलांडताना सांगावं लागतं, नाहीतर तो काठावरच राहतो. ते ठीक. पण एकदा ती असंही म्हणाली, "घरी तुला कोणी काही विचारणार नाही. मी विचारू देणार नाही."

काय विचारणार? मोटारसायकलने उडवलं, त्यात हिचा काय दोष?

पोचलो तेव्हा गाव दारात जमलं होतं. चान्पेंग आजी पायरीवर बसली होती. रीतीप्रमाणे सगळ्यांनी विचारलं, "आला का?"

उत्तर बापाने द्यायचं. मी भोंग्याच्या आवाजात म्हणालो, "आला!"

"आला! आला!" सगळे ओरडले. आम्ही आत गेलो. लमयाय निजलेली, डोळे छताला लागलेले. सीनुआनने जाळी तिच्या छातीवर धरली, गाठ सोडली आणि सदरा तिच्या अंगावर पांघरला. आजी दोरे बांधायला पुढे झाली.

तेव्हा लमयाय बोलली.

दोन महिने ज्या आवाजाची वाट पाहिली तो खरखरीत होता, म्हातारीसारखा. तिने विचारलं, "कुठून आणला?"

मला रडू फुटलं आणि रडत रडतच मी सांगितलं, "चौकातून गं, बाळा. खांबाजवळून. जिथे तुला त्या मोटारसायकलने..."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतकं थकलेलं पाहणं मी म्हाताऱ्या जनावराच्या डोळ्यांतही पाहिलेलं नाही. मग तिने डोळे मिटायला घेतले.

सीनुआनने माझ्या दंडावर हात ठेवून मला बाजूला केलं. ती वाकली आणि लमयायच्या कानाशी काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. आजीलाही नाही. आजी सदरा झटकत होती, त्यातून काहीतरी अंथरुणावर पडलं. नखाएवढी तांबडी कपची. गंजलेल्या पत्र्याची.

लमयायने ती पाहिली. बोटांनी उचलली. मुठीत धरली आणि आईच्या गळ्यात तोंड खुपसून ओरडली. रडली असं मी लिहिणार नाही. ते ओरडणं होतं. बाहेरच्या बायकांनी मुलांना घरी नेलं.

आजी मला म्हणाली, "जागा बरोबर होती."

१४ मार्च

लमयाय आज पुन्हा गप्प. पण पेज स्वतःच्या हाताने घेतली, अर्धी. ती कपची अजून मुठीत आहे. हात धुवायला सीनुआनने मूठ उघडू पाहिली, ती उघडेना.

मी जेवताना म्हणालो, "तो पत्रा. एकच कोरा होता ना, मधला?"

सीनुआन म्हणाली, "जेवा."

"गच्चीला कुलूप जानेवारीपासून आहे."

"लमयायचे बा, भात गार होतोय."

मी जेवलो.

ही वही मागे उलटून पाहिली. बँकॉकच्या पानावर मी काय काय पाहिलं ते सगळं लिहिलंय. एवढं सगळं पाहिलं.

१५ मार्च

पहाटे भोंग्यासाठी लिहायला बसलो. पुतण्याने तीन दिवसांत लोकांना पार गोंधळात टाकलंय, खताची गाडी येऊन गेली तरी निम्म्यांना पत्ता नाही. ते आधी लिहिलं. मग माझंच नाव घालून लिहिलं, 'खामसिंगची मुलगी लमयाय, जी बँकॉकला रस्त्यावरच्या अपघातात जखमी झाली होती, तिची तब्येत' आणि तिथे हात थांबला. 'रस्त्यावरच्या अपघातात' खोडलं. 'जखमी' खोडलं. मग सगळंच खोडलं.

शेवटी जे वाचलं ते असं. "खामसिंग आणि सीनुआन यांची मुलगी लमयाय घरी परत आली आहे. ती आता कायमची इथेच राहणार आहे. भेटायला या, पण कोणी काही विचारू नका."

एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, सावकाश. भोंगा आमच्या घराच्या दिशेनेही आहे.

घरी आलो तेव्हा ती जागी होती. सीनुआन तिचे पाय चोळत होती. तिने ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी उशाशी बसलो. मला काहीतरी बोलायचं होतं. गावाला रोज उठवणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना.

तीच बोलली. छताकडे पाहत, त्या खरखरीत आवाजात.

"म्हशींना विचारलंत का, बा?"

सीनुआनचे हात थांबले. लमयाय हसत नव्हती.

मी उठलो आणि गोठ्यात गेलो. दोन्ही म्हशी बसून रवंथ करत होत्या. एकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं. मोठ्याने, घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं.